माईची आठवी

परीक्षा अकराला होती आणि सकाळपासून त्या दोन खोल्यांतला प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणाला तरी शांत राहायला सांगत होता.

खोल्या माईच्या. खाली स्टेशनरीचं दुकान, वर पुढची खोली क्लासची, मागची माईची, आणि मधे एक चिंचोळं स्वयंपाकघर, ज्यात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं आत येण्याआधी विचार करायचा. आज पुढची खोली अधिकृतपणे परीक्षा केंद्र होती. दारावर तसा कागद ताईनं स्वतः चिकटवला होता. आधी तो तिरका होता. धाकट्यानं, तिच्या भावानं, सांगितल्यावर तिनं तो सरळ केला आणि मग पुन्हा तिरका केला, कारण धाकट्यानं सांगितलं होतं.

"छान झालंय," धाकटा म्हणाला. "आता माईला स्वतःच्या खोलीत जायला ओळखपत्र लागेल."

"लागणारच आहे. तुझं ते हत्यारांचं बोचकं उचल आधी तिथून."

धाकटा पियानो ट्यून करून पोट भरत असे आणि आईचा पियानो फुकट ट्यून करून तोंड चालवण्याचा हक्क मिळवत असे. त्यानं बोचकं उचललं, एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर ठेवलं आणि काम झाल्यासारखा हात झटकला.

"ती काही बोलली का?" ताईनं हळूच विचारलं.

"कोण?"

"माई. सकाळपासून."

"चहात साखर कमी आहे म्हणाली."

"बस?"

"तेवढंच. मलाही तीच भीती वाटतेय."

ज्या योजनेपायी हे सगळं चाललं होतं, तिचं नाव भागीदारी असं होतं. संगीत परीक्षा मंडळाकडे पहिली ते आठवी अशा ग्रेड होत्या, पण त्या घ्यायला येणारी मुलं आटत चालली होती. शहराच्या संगीत शिक्षण सेवेकडे मुलं भरपूर होती, पण ती नेमकं काय शिकतायत हे वरच्या साहेबांना सांगायला काही नव्हतं. दोन्ही संस्थांनी एकमेकींची अडचण ओळखली. सेवेनं शाळाशाळांतली मुलं पुरवायची, मंडळानं त्यांना ग्रेड द्यायच्या, आणि मधे शिकवण्याचं जे किरकोळ काम उरतं ते माईसारख्या भागीदार शिक्षकांनी करायचं. मंडळाच्या बाजूनं करारावर सही बापूची होती. बापू माईचा धाकटा भाऊ, मंडळाचा ज्येष्ठ परीक्षक. सेवेच्या बाजूनं सही ताईची. ताई माईची मुलगी. माई-बापूचे वडील अण्णा गेल्यावर त्यांचा पियानो कुणाकडे जाणार यावरून जे झालं, तेव्हापासून मामा-भाची एकमेकांशी बोलत नव्हते. भागीदारीच्या बैठकांत मात्र बोलणं भाग असे, आणि तिथे ते एकमेकांना 'सन्माननीय सदस्य' म्हणत.

करारातल्या एका कलमानुसार भागीदार शिक्षकाकडे मंडळाची आठवी ग्रेड असायला हवी होती. माईकडे पहिलीसुद्धा नव्हती. अर्ध्या गावाच्या हातात तिनं व्हायोलिन दिलं होतं, मंडळाच्या परीक्षकांपैकी निम्मे लहानपणी याच खोलीत नाक पुसत उभे राहिले होते, पण कागद नव्हता. आज ती आठवी पास झाली नाही, तर दुपारच्या बसनं येणारी शाळेची मुलं पुढच्या सत्रापासून दुसऱ्या कुठल्या तरी केंद्राकडे वळणार होती. माईच्या क्लासात आता तीच मुलं उरली होती.

बापू आणि मामी आले तेव्हा बापूच्या अंगात परीक्षेचा कोट होता.

"मी इथे नाहीये," जिना चढून धाप लागलेल्या बापूनं जाहीर केलं. "नियमाप्रमाणे नातेवाईक असलेल्या परीक्षकानं केंद्राच्या आवारात असू नये. मी हिला सोडायला आलो आणि लगेच निघालो, असं समजा."

"समजलो," धाकटा म्हणाला. "चहा घेणार का निघून गेल्यावर?"

बापू स्वयंपाकघरात शिरला. तिथे ताई होती. ताईनं गॅसकडे पाहिलं, बापूनं खिडकीकडे. आवाराची हद्द दाराच्या चौकटीपाशी संपते की कशी, यावर दोघांच्या मनात दोन वेगळी कलमं घोळत होती, पण सन्माननीय सदस्य एकमेकांना ती सांगणार कशी?

मामी पुढच्या खोलीत पियानोसमोर बसून बोटं मोकळी करत होती. परीक्षेला साथ करणं हा तिचा धंदा. उमेदवार दोन ओळी गाळून पुढे गेला तर तीही मागोमाग उडी मारायची, तो घाबरून धावला तर धावायची. चूक कुणालाही कळू न देण्यात तिनं हयात घालवली होती, आणि लग्न बापूशी झाल्यामुळे घरीही सराव राहायचा.

माई मागच्या खोलीतून आली. ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, हातात व्हायोलिन. सगळे उठून उभे राहिले. नंतर का उभे राहिलो ते कुणालाच कळेना, म्हणून एकेक जण काही तरी उचलायला वळला.

"माई, पाणी?" ताईनं विचारलं.

"नको."

"माई, तुम्ही बिलकूल टेन्शन घेऊ नका," मामी म्हणाली. "मी आहे ना. तुम्ही कुठेही जा, मी मागे आहे."

"कुठे जाणारे मी?" माई म्हणाली. "लिहिलंय तिथेच जाणार."

परीक्षक बाई वेळेवर आल्या. ताईपेक्षा लहान, चाकांची बॅग, गळ्यात ओळखपत्र, आणि हिला दुखवायचं नाही असं सांगून पाठवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं हसू. "आपल्याबद्दल खूप ऐकलंय," त्या माईला म्हणाल्या. माईनं मान डोलावली. दार बंद झालं.

स्वयंपाकघरात आता तीन माणसं होती, म्हणजे एक जास्त. भिंत पातळ होती. पलीकडे स्केल सुरू झाल्या, खालून वर, वरून खाली, धुतलेल्या काचेसारख्या.

"स्वच्छ," बापू पुटपुटला.

"तुम्ही निघून गेला होतात ना?" ताई म्हणाली. दीड वर्षात बैठकीबाहेर तिनं मामाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"जाता जाता ऐकू आलं."

धाकट्यानं कप विसळायला घेतला, मग विसळलेलाच कप पुन्हा विसळला. ताई दाराशी जाऊन परत आली. बापूनं घड्याळ पाहिलं, मनगट झाकलं, पुन्हा पाहिलं. पलीकडे पहिली रचना सुरू झाली. संथ, लांब गजाची. तिघंही थोडा वेळ हलायचे थांबले.

रचना संपली तेव्हा ताई म्हणाली, पण कपाकडे बघून, "ही आठवीची अट मंडळाला एवढी जीव की प्राण होती?"

"मंडळाला? मसुदा सेवेचा होता."

"मसुद्यात शिक्षकाची पात्रता ही जागा रिकामी ठेवली होती आम्ही. भरली तुम्ही."

"भरली, कारण काही तरी भरायलाच हवं होतं. मला वाटलं तू हरकत घेशील. सबंध बैठकभर मी तुझ्याकडे बघत होतो."

"आणि मी तुमच्याकडे. म्हटलं, सख्खी बहीण आहे, मामा तोंड उघडतील."

"उघडलं असतं तर तूच म्हणाली असतीस, घरच्यांची सोय लावतो."

ताईनं विचार केला. "म्हणाले असते."

"मग?"

"मग काय? मी बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, आईसाठी नियम वाकवते."

"नसतो म्हणालो."

"मामा."

"बरं, म्हणालो असतो. पण बाहेर आल्यावर."

धाकट्यानं नळ बंद केला. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलात, अध्यक्षांनी विचारलं कुणाची हरकत, आणि माईला एकमतानं आठवीला बसवलंत."

"आवाज हळू," ताई आणि बापू एकदम म्हणाले, आणि या एकमतानं दोघंही थोडे दचकले.

"मी काय म्हणतो," धाकटा म्हणाला, "नापास होऊ दे. सोडू दे ही योजना. चार मोठी माणसं शिकायला येतील, सकाळी शिकवेल, दुपारी झोपेल. वय काय तिचं?"

"मोठी माणसं?" ताई म्हणाली. "मोठ्या माणसांना ती आठवडाभर सहन करत नाही. तिला मुलंच लागतात. चुकत राहणारी."

बापू मधे पडला. "ताई बरोबर बोलतेय."

धाकट्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पियानोच्या भांडणात तो मामाच्या बाजूनं नव्हता आणि बहिणीच्याही नव्हता. दोघं भांडतायत ही व्यवस्था त्याला सोयीची होती. आता ते सिंकच्या एका बाजूला उभे होते आणि तो दुसऱ्या. "करा मग काय करायचं ते," तो म्हणाला आणि कपाकडे वळला.

पलीकडे दुसरी रचना सुरू झाली होती.

दुसरी रचना वेगाची होती, आणि माईला ती येत होती. नुसती येत नव्हती. गेले काही महिने मुलं गेल्यावर दार लावून तिनं ती घोटली होती, आणि जिन्यात पाऊल वाजलं की थांबवली होती. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. घरच्यांची समजूत अशी की माई परीक्षेला मुलांसाठी, क्लाससाठी, नाइलाजानं बसतेय. समजूत सोयीची होती, तिनं ती मोडली नाही. खरी गोष्ट अशी होती की तिला आठवी हवी होती.

याच खोलीतल्या अण्णांच्या क्लासात परीक्षेला कुणी बसत नसे. तसा नियमच होता, बापूपुरता सोडून. मुलगा आहे, त्याला पुढे कागद लागेल, अण्णा म्हणाले होते. बापू आठवीच्या परीक्षेला आत गेला तेव्हा माई बाहेरच्या बाकावर त्याचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. आतून वाजलेला सूर न् सूर तिनं ऐकला होता, आणि हे मला येतं, हे मला येतं, असं मनात मोजत राहिली होती. बापू पास झाला. माईनं क्लास सांभाळला. एवढंच. त्याचं काही दुःख करायचं असतं हे तिला फार उशिरा सुचलं, तोवर करायला वेळ नव्हता.

आता गज हलका पडत होता. परीक्षक बाईंची मान तालावर डोलायला लागली होती, आणि माईला ते दिसत होतं. तिसऱ्या पानावर मामीनं उजव्या हातानं पान उलटलं, आणि दोन पानं एकदम उलटली.

मामीच्या डाव्या हातानं एक भलताच सूर धरला. दोन मात्रांचं काम. मामीनं पान मागे घेतलं, जागा शोधली, पुढच्या ओळीच्या तोंडाशी, माईला मिळायच्या जागी, ती पोचलीसुद्धा. परीक्षकाच्या पेन्सिलीपर्यंतही पोचू नये इतकी सफाईदार चूक होती ती.

पण माई थांबली होती.

या खोलीत चूक ओलांडून कुणी पुढे जात नसे. कुणाचीही असो. चुकलं की थांबायचं, आधीची ओळ धरायची, पुन्हा यायचं. या पद्धतीनं काही मुलांनी एकेक रचनेचा शेवट वर्षवर्ष पाहिला नव्हता. अण्णा असंच शिकवत, माई असंच शिकवत आली, आणि तिच्या उजव्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. गज तारेवरून उचलला गेला आणि मगच माईला कळलं की तो उचलला गेलाय.

"थांबू नका," बाई हळूच म्हणाल्या. "पुढे चला."

"पुढे कशाला?" माई म्हणाली. "हिचं चुकलं मागे."

मामीनं पट्ट्यांकडे पाहिलं. माईनं बाईंच्या पेन्सिलीकडे पाहिलं, आणि आपण काय केलं ते तिला टप्प्याटप्प्यानं समजत गेलं. मग तिनं, कारण आता दुसरं काय करणार, आधीच्या ओळीचं टोक गजानं दाखवलं. "इथून," ती मामीला म्हणाली. मामीनं तिथून धरलं. रचना शेवटाला गेली, फार सुरेख गेली, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

परीक्षक बाई बॅग ओढत जिन्यानं उतरल्या तेव्हा त्यांनी वळून माईला नमस्कार केला, जरा जास्तच वाकून. त्यावरून सगळ्यांना निकाल कळला.

मामी पियानोपासून उठली आणि दिसली त्या खुर्चीवर बसली. खुर्चीवर धाकट्याचं बोचकं होतं, ती त्यावरच बसली. "माझी चूक," ती म्हणाली. "मी लिहून देते. मी आजवर कधी पान..."

"अर्ज करता येतो," बापू म्हणाला. तो आता बिनधास्त क्लासच्या खोलीत उभा होता. "साथीदाराची चूक, म्हणून पुन्हा परीक्षा. तरतूद आहे."

"कशाला अर्ज?" ताई म्हणाली. "सोमवारी बैठक आहे. मी कलमच काढायला सांगते. इतकी वर्षं शिकवणाऱ्यांना पात्रतेतून सूट. मी मांडते, मामा, तुम्ही अनुमोदन द्या."

"देतो."

"मग म्हणू दे कुणाला काय म्हणायचं ते."

"म्हणू दे," बापू म्हणाला, आणि मामा-भाची अशा उत्साहानं एकमेकांकडे बघायला लागले की धाकट्याला नळ पुन्हा सोडावासा वाटला.

"काही मांडू नका," माई म्हणाली.

ती पियानोच्या कडेला टेकून उभी होती. व्हायोलिन अजून हातात.

"अगं, पण तुझीच मुलं जातील," ताई म्हणाली.

"चूक साथीची झाली, पण थांबले मी. अर्ज काय करायचा? आणि सूट नको मला. सूट बापूला कुणी दिली होती का?"

ताई आईकडे बघत राहिली. दुपारची मुलं, सत्र, केंद्र, अशी तिच्या डोक्यात जी कारणं ओळीनं मांडलेली होती, त्यांच्या मागे काही तरी उभं होतं आणि ते तिला आत्ता कुठे दिसत होतं.

"तुला हवीये का ती?" तिनं विचारलं. "आठवी?"

"पुढच्या सत्राआधी एकदा बसता येतं ना?"

"येतं," बापू म्हणाला.

"मग झालं. बापू, ते कसं करतात?"

"काय?"

"न थांबणं. तू तीस-तीस पोरं रोज ऐकतोस. ती थांबत नाहीत. कशी थांबत नाहीत?"

न थांबणाऱ्याला गुण द्यायचे, एवढंच बापू शिकला होता. "शिकवतात त्यांना," तो म्हणाला. "सवय असते."

"मग लाव मला सवय. बस."

बापू कोट काढून पियानोपाशी बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो माईला शिकवणार होता, आणि काय शिकवणार, तर चुकीकडे दुर्लक्ष करायला. "मी मुद्दाम चुकेन," तो म्हणाला. "तू पुढे जायचं. काहीही झालं तरी."

पहिल्या वेळी त्यानं तिसऱ्या ओळीत चूक केली. माई थांबली.

"थांबलीस."

"कळलं."

दुसऱ्या वेळी त्यानं चूक लहान केली. माई थांबली आणि वर त्याचा अंगठा कुठे जायला हवा तेही सांगितलं. तिसऱ्या वेळी ती थांबली नाही, पण गज इतका आवळला गेला की तार किंचाळली. ताई मागच्या खोलीत जाऊन आली. मामीनं कान झाकावेत की नाही याचा विचार केला आणि झाकले नाहीत, चूक तिच्यापासून सुरू झाली होती. धाकटा म्हणाला, "हा छळ आहे. कुणाचा ते सांगता येत नाही," आणि तरीही तो खुर्ची ओढून बसला.

किती वेळा झालं कोण जाणे. खाली बस येऊन थांबली, जिन्यात मुलांचे आवाज आले. ताई त्यांना खालीच थोपवायला गेली. नेमकी त्याच वेळी माई एका दमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली. बापू मन लावून चुकला. दुसऱ्या ओळीत, पाचव्या ओळीत, पान उलटल्यावर, अगदी शेवटाच्या तोंडाशी. माईचे डोळे मिटलेले, मानेची शीर ताठ, पण गज चालत राहिला. शेवटचा सूर संपला. अण्णांच्या खोलीत एवढ्या चुका एका बैठकीत पहिल्यांदाच पार झाल्या होत्या.

"पास," बापू म्हणाला.

माईनं व्हायोलिन खाली घेतलं. "दुसऱ्या ओळीत डाव्या हाताला, खालचा सूर. पाचवीत उजव्या हातानं घाई केलीस. पान उलटल्यावर दोनदा, एकदा मुद्दाम आणि एकदा खरंच. शेवटाच्या आधी ताल गेला." ती थांबली. "हे शेवटी सांगितलं तर चालतं का परीक्षेत?"

"नाही."

"मग परीक्षक काय करतो याचं?"

"लिहून ठेवतो."

"तोंडावर सांगत नाही?"

"नाही."

"आणि पोर पुढे निघून जातं," माई म्हणाली. तीस वर्षं बापू लिहून ठेवत आला होता.

मुलं वर आली होती. ताईच्या हाताखालून वाकून त्यांनी आत पाहिलं, माईच्या आणि पियानोवरच्या अनोळखी माणसाच्या मधे काही तरी चाललंय हे ओळखलं, आणि भिंतीकडेनं रांगेत बसली.

"पुन्हा," माई म्हणाली आणि गज तारेवर ठेवला.

बापूनं पान उलटलं. या वेळी कुठे चुकायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची गरजही पडली नाही, चुका आपसूकच होत गेल्या.